साखर उतरवण्याआधी डोळ्याचा पडदा पाहिला का?

"डॉक्टरसाहेब, त्या इंजेक्शनचं पेटंट संपलंय म्हणे. आता स्वस्त मिळणार. मला चालेल का?"

हा प्रश्न हल्ली माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. मध्यंतरी हे विचारणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे होते. स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवतात. मधुमेह चौदा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. वजन ९४ किलो, एचबीए१सी १०.६. नुसता कागद पाहिला तर या इंजेक्शनसाठी अगदी योग्य रुग्ण वाटावा.

मी विचारले, "डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला?"

"मागच्याच वर्षी की. नंबर काढला, पावणेदोनचा चष्मा आहे."

मी त्यांची फाईल चाळली. नऊ वर्षे ते माझ्याकडे येत आहेत. साखर, रक्तदाब, वजन, लघवीतील प्रथिने, पायांची तपासणी, सगळ्याच्या नोंदी होत्या. पडद्याच्या तपासणीची एकही नोंद नव्हती. दोनदा "डोळे दाखवा" असे मी लिहिले होते. ते चष्म्याच्या दुकानात जाऊन आले होते आणि मी पुढे विचारले नव्हते. त्यामुळे चूक त्यांच्यावर ढकलता येत नाही.

मधुमेहावरच्या नव्या इंजेक्शनांबद्दल सध्या खूप लिहिले-बोलले जाते. त्यात वजन, किंमत आणि मळमळ या तीन गोष्टी असतात. डोळ्याचा पडदा क्वचितच असतो. तो का असायला हवा, हे समजून घेऊ.

बातमी काय आहे?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत. ती भूक कमी करतात, वजन उतरवतात आणि रक्तातील साखर बरीच खाली आणतात. भारतात मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' आले, जूनमध्ये 'वेगोव्ही' आणि डिसेंबरमध्ये 'ओझेम्पिक'. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत संपली. अनेक भारतीय कंपन्यांनी आपापल्या स्वस्त पर्यायांची तयारी त्याआधीच करून ठेवली होती. जे औषध मोजक्या लोकांच्या खिशाला परवडत होते, ते आता मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचू लागले आहे.

ही चांगली बातमी आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले, २६.४ टक्के. एवढ्या लोकांपैकी अनेकांना साखर, वजन आणि हृदय या तिन्हींना मदत करणारे औषध परवडू लागणे ही मोठी गोष्ट आहे.

पण याच औषधाच्या एका मोठ्या चाचणीत डोळ्यांबाबत एक इशारा मिळाला होता. 'सस्टेन-६' नावाची ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३,२९७ मधुमेही रुग्णांना दोन वर्षे सेमाग्लुटाइड किंवा खोटे इंजेक्शन देण्यात आले. हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना सेमाग्लुटाइड गटात २६ टक्क्यांनी कमी झाल्या. मूत्रपिंडाचे त्रासही कमी झाले. मात्र पडद्याची गंभीर गुंतागुंत सेमाग्लुटाइड गटात ३.० टक्के जणांना झाली आणि दुसऱ्या गटात १.८ टक्के जणांना.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दोन्ही गट मिळून ज्या ७९ जणांच्या डोळ्यांना गुंतागुंत झाली, त्यांतील ६६ जणांचा पडदा चाचणी सुरू होण्याआधीच बिघडलेला होता. म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नव्हता. तो मुख्यतः अशांना होता ज्यांच्या डोळ्यात आजार आधीपासून घर करून बसला होता. आणि असा आजार आहे की नाही, हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी एका साध्या तपासणीत कळते.

साखर कमी झाली तर डोळे बिघडतील कसे?

रुग्णांना हे उलटे वाटते, आणि वाटणे स्वाभाविक आहे. आम्हीच तर त्यांना वर्षानुवर्षे सांगतो की साखर आटोक्यात ठेवा, डोळे वाचतील.

ते खरेच आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत 'डीसीसीटी' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या या अभ्यासात, ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता त्यांच्यात काटेकोर नियंत्रणामुळे पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप २ साठी ब्रिटनमधील 'यूकेपीडीएस' अभ्यासाने १९९८ मध्ये हीच दिशा दाखवली.

पण त्याच डीसीसीटीमध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती. काटेकोर नियंत्रण सुरू केल्यावर पहिल्या वर्षभरात १३.१ टक्के रुग्णांचा पडद्याचा आजार तात्पुरता वाढला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.६ टक्के होते. ज्यांची साखर सुरुवातीला जास्त होती आणि जी झपाट्याने उतरली, त्यांना हा धोका अधिक होता. पुढे बराच काळ पाहिल्यावर मात्र काटेकोर नियंत्रणाचा गटच फायद्यात राहिला.

याला वैद्यकशास्त्रात 'सुरुवातीचा बिघाड' म्हणतात. तो इन्सुलिनने साखर झटकन उतरली तरी होतो, गरोदरपणात साखर एकदम काटेकोर केली तरी होऊ शकतो, आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही दिसला आहे. त्यामुळे सेमाग्लुटाइडच्या चाचणीत जे दिसले, त्याचा बराचसा दोष साखर उतरण्याच्या वेगाकडे जातो, असे तज्ज्ञांचे मत आहे.

हे समजण्यासाठी पडद्याची रचना थोडी पाहू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा जो पातळ थर असतो, त्याला आपण पडदा किंवा दृष्टिपटल म्हणतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसापेक्षाही बारीक असतात. वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही ठिकाणी त्या फुग्यासारख्या फुगतात, काही ठिकाणी पाझरतात, काही बंद पडतात. पाझरलेले पाणी पडद्याच्या मध्यभागी साचले की तिथे सूज येते. या मध्यभागाला मॅक्युला म्हणतात. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे हे सारे त्याच्या जोरावर चालते. जिथे वाहिन्या बंद पडतात तिथला भाग रक्तासाठी तळमळतो आणि 'व्हीईजीएफ' नावाचे रसायन सोडतो. त्याने नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो, किंवा त्यांच्याभोवतीचे तंतू आकसून पडदा ओढला जातो आणि सुटतो.

असा जर्जर झालेला पडदा जास्त साखरेच्या वातावरणाला सरावलेला असतो. ते वातावरण काही आठवड्यांत बदलले की आधीच काठावर असलेला भाग कोलमडू शकतो. निरोगी पडद्याला हा बदल सहज पेलतो. म्हणून प्रश्न "इंजेक्शन घ्यावे की नाही" एवढाच नसतो. "माझा पडदा आज कोणत्या अवस्थेत आहे" हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा.

एक खुलासा करतो. ज्यांना मधुमेह नाही आणि केवळ वजनासाठी ही औषधे दिली जातात, त्यांना हा विशिष्ट धोका लागू होत नाही. पण आपल्याकडे अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसते. त्यामुळे वजनासाठी इंजेक्शन घेणाऱ्यानेही आधी साखर तपासलेली असावी.

सेमाग्लुटाइडबाबत आणखी एक दुर्मीळ त्रास नोंदला गेला आहे. डोळ्याच्या मुख्य नसेचा रक्तपुरवठा अचानक कमी होऊन नजर जाणे. जून २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकाच्या सुरक्षा समितीने हा त्रास दहा हजारांत एखाद्याला होऊ शकतो, असा निष्कर्ष काढला. तो पडद्याच्या आजाराहून वेगळा आहे. इंजेक्शन चालू असताना एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

धोका कुणाला जास्त?

पडद्याच्या आजाराची कारणे बहुतेक वेळा एकत्रच नांदतात. सर्वांत मोठे कारण म्हणजे मधुमेहाची वर्षे. जितकी वर्षे जास्त, तितकी शक्यता जास्त. ही वर्षे आपल्या हातात नसतात. शिवाय टाइप २ मधुमेह अनेकदा निदान होण्याआधी काही वर्षे अंगात असतो, त्यामुळे काहींच्या पडद्यावर निदानाच्या दिवशीच खुणा सापडतात.

हातात असलेल्या गोष्टींत पहिली साखर आणि दुसरी रक्तदाब. रक्तदाबाकडे डोळ्यांच्या संदर्भात फारसे पाहिले जात नाही. यूकेपीडीएसमध्ये रक्तदाब काटेकोर ठेवलेल्या गटात पडद्याचा आजार वाढण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. "बीपीची गोळी मी अधूनमधून घेतो" असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

मूत्रपिंडाचा आजार हा डोळ्याच्या आजाराचा जुळा भाऊ समजा. लघवीतून प्रथिने जात असतील तर पडद्यावरही बिघाड असण्याची शक्यता वाढते, कारण दोन्हीकडे बारीक वाहिन्यांचेच नुकसान होते. रक्तातील वाढलेली चरबी, रक्तक्षय आणि तंबाखू यांनीही नुकसानीला हातभार लागतो. ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास दिसतो आणि तो भरून काढणे स्वस्त आहे, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख करतो.

गरोदरपण हा वेगळा टप्पा आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले की पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. अशा स्त्रीने शक्यतो दिवस राहण्यापूर्वी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासून घ्यावा आणि पुढेही तज्ज्ञ सांगतील तसा तपासावा. केवळ गरोदरपणापुरता उद्भवलेल्या मधुमेहात हा धोका सहसा नसतो.

आता नव्या इंजेक्शनाच्या दृष्टीने कोण सर्वांत काळजीचा रुग्ण, ते पाहा. मधुमेह दहा वर्षांहून जुना, एचबीए१सी १० च्या आसपास किंवा वर, इन्सुलिन चालू, पडदा कधीच न तपासलेला. माझे टेम्पोवाले गृहस्थ या वर्णनात तंतोतंत बसत होते. साखर उतरवण्याची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्याचाच पडदा सर्वांत नाजूक असण्याची शक्यता असते.

चष्म्याचा नंबर म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे

"मला तर स्वच्छ दिसतं" हे वाक्य या आजारात फसवे आहे. मॅक्युलाला सूज येत नाही किंवा रक्तस्राव होत नाही तोवर नजर उत्तम राहू शकते. दुखत नाही, लाली येत नाही, पाणी येत नाही. धूसर दिसू लागते, डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

चष्म्याच्या दुकानात नजरेचा नंबर मोजतात. मोतीबिंदूच्या शिबिरात बहुतेक वेळा भिंग पाहतात. पडदा त्याच्या मागे असतो. तो पाहण्यासाठी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि नेत्रतज्ज्ञ विशेष भिंगातून आत पाहतात, किंवा खास कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, सोबत कुणाला तरी न्यावे. एवढाच त्याचा त्रास. मध्यभागी सूज वाटली तर 'ओसीटी' नावाची तपासणी करतात. त्यात सुई नसते, फक्त हनुवटी टेकवून बसायचे असते.

वेळापत्रक साधे आहे. टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर पहिली तपासणी. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. त्यानंतर वर्षातून एकदा. आजार सापडला तर नेत्रतज्ज्ञ ठरवतील तसे, अधिक वेळा.

बिघाड सापडला तर?

अनेक रुग्ण तपासणी टाळतात, कारण त्यांना वाटते, "सापडलं तरी काय करणार?" करण्यासारखे बरेच आहे.

सुरुवातीच्या अवस्थेत डोळ्यात काहीच करावे लागत नाही. साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंड सांभाळायचे आणि तपासणी चुकवायची नाही. या टप्प्यावर फेनोफायब्रेट या जुन्या, स्वस्त गोळीचा विचार आता होऊ लागला आहे. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लेन्स' चाचणीत या गोळीने सुरुवातीच्या पडद्याच्या आजाराची वाढ २७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. मूत्रपिंडाची स्थिती पाहूनच ती देतात, म्हणून स्वतःहून सुरू करू नये.

कच्च्या वाहिन्या फुटू लागल्या की लेसर लागतो. पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे अनेक बारीक ठिपके देतात, त्याने त्या भागाची रक्ताची मागणी कमी होते आणि नव्या वाहिन्या सुकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या चाचणीनेच सिद्ध केले की या लेसरने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. गेलेली नजर लेसरने सहसा परत येत नाही. उरलेली वाचते. हे रुग्णाला आधीच सांगितले नाही तर तो निराश होऊन उपचार सोडतो.

मध्यभागाच्या सुजेवर आज मुख्य उपचार म्हणजे व्हीईजीएफला रोखणारी डोळ्यातील इंजेक्शने. डोळा थेंबांनी बधिर करून हे काम काही मिनिटांत होते. सुरुवातीला साधारण महिन्याला एक, नंतर प्रतिसादाप्रमाणे अंतर वाढवतात. या उपचाराने कमी झालेली नजर सुधारूही शकते. औषधे अनेक आहेत आणि किमतींत मोठा फरक आहे. बेव्हॅसिझुमॅब सर्वांत स्वस्त, रॅनिबिझुमॅबचे भारतीय रूप २०१५ पासून उपलब्ध आहे, अफ्लिबरसेप्ट त्याहून महाग. २०१५ च्या एका मोठ्या तुलनेत, नजर थोडीच कमी असताना तिन्ही औषधे सारखीच उपयोगी ठरली. नजर जास्त कमी असताना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. पण २०२२ मध्ये असेही दिसले की अशा रुग्णांतही बेव्हॅसिझुमॅबने सुरुवात करून गरज पडली तरच अफ्लिबरसेप्टकडे वळले, तर दोन वर्षांनंतरचा निकाल जवळपास सारखा येतो. तेव्हा "महाग इंजेक्शन परवडत नाही म्हणून उपचारच नको" असे ठरवण्याआधी नेत्रतज्ज्ञांशी पैशांबद्दल मोकळेपणाने बोला.

एक व्यावहारिक गोष्ट. कच्च्या वाहिन्यांसाठी लेसर न करता केवळ इंजेक्शनांवर अवलंबून राहिलेले रुग्ण मध्येच यायचे थांबले, तर लेसर झालेल्या रुग्णांपेक्षा त्यांचे डोळे जास्त बिघडलेले आढळले आहेत. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी दर महिन्याला जाणे शक्य नसेल, सुगीत किंवा ऊसतोडीला बाहेर पडावे लागत असेल, तर तसे आधीच सांगा. त्यावरून उपचाराची निवड बदलते.

रक्तस्राव साचून राहिला किंवा पडदा ओढला गेला तर 'व्हिट्रेक्टॉमी' ही शस्त्रक्रिया करतात. ती अवघड असते, मोजक्याच ठिकाणी होते आणि निकालाची खात्री कमी. आधीच्या टप्प्यांवर थांबता येते म्हणूनच तपासणीचा एवढा आग्रह.

मग अडते कुठे?

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्मार्ट इंडिया' अभ्यासानुसार भारतात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांना पडद्याचा आजार आहे आणि ४ टक्के जणांना दृष्टी धोक्यात आणणारा. म्हणजे शंभर मधुमेहींपैकी चौघांना उपचाराची तातडी आहे. हे चौघे कोण, हे शंभर जणांचे पडदे पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की मधुमेह असल्याचे ठाऊक असलेल्यांपैकीही बहुसंख्यांची ही तपासणी कधीच झालेली नव्हती.

आपला अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, तेव्हा मोतीबिंदू हा मुख्य शत्रू होता. त्या लढाईत आपण मोठे काम केले. पण मोतीबिंदूचे काम एका शस्त्रक्रियेत संपते, शिबिरात बसते. पडद्याचा आजार दरवर्षी पाहावा लागतो. मधुमेही पडदाविकार आज त्या कार्यक्रमात आहे. तरी साखर एका ठिकाणी तपासली जाते, डोळे दुसऱ्या ठिकाणी, आणि मधला धागा रुग्णाच्या हातात सोडलेला असतो. त्यात रोजंदारी बुडते, बसभाडे जाते आणि "सध्या तर दिसतंय" असे मन म्हणते. आमच्यासारखे डॉक्टरही चिठ्ठी लिहून मोकळे होतात.

हे बदलता येते. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याच्या फोटोंचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पाच दशकांत पहिल्यांदाच, इंग्लंड व वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील अंधत्वाच्या कारणांत हा आजार पहिल्या क्रमांकावर राहिला नव्हता. तिथे प्रत्येक रुग्णाला नेत्रतज्ज्ञ पाहत नाहीत. प्रशिक्षित कर्मचारी फोटो काढतात व वाचतात, बिघाड असलेलेच पुढे जातात.

केरळने २०१८ मध्ये 'नयनामृतम' उपक्रमातून हेच कुटुंब आरोग्य केंद्रांत सुरू केले. केंद्रातील कर्मचारी फोटो काढतात, नेत्रतज्ज्ञ दुरून पाहतात. आता फोटो वाचायला संगणकही मदतीला आला आहे. दिल्लीच्या एम्सच्या नेत्रकेंद्राने सहभाग घेतलेले 'मधुनेत्र' हे साधन हातात धरायच्या कॅमेऱ्यावरील फोटोतून आजाराची अवस्था ओळखते. डिसेंबर २०२५ मध्ये सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेने त्यावर आधारित तपासणी निवडक ठिकाणी सुरू केली, त्यांत पुणे व मुंबईही आहेत.

माझे मत असे की अशी सोय प्रत्येक तालुक्यात, जिथे मधुमेहाची गोळी मिळते त्याच छताखाली व्हायला हवी. ती होईपर्यंत एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना आजपासून करता येईल. साखर वेगाने उतरवणारे कोणतेही औषध सुरू करण्याआधी पडद्याचा अहवाल मागायचा, आणि तो फाईलला लावायचा. इंजेक्शन स्वस्त होण्याचा हाही एक उपयोग करून घेता येईल. जो रुग्ण डोळ्यांसाठी कधी आला नसता, तो इंजेक्शनसाठी येतो आहे.

तुम्ही काय कराल?

- इंजेक्शन सुरू करण्याआधी, तुम्हाला मधुमेह असेल तर, पडद्याची तपासणी करून घ्या. गेल्या वर्षभरातील अहवाल असेल तर तो डॉक्टरांना दाखवा.
- अहवालात आजार असेल तर घाबरून साखरेची औषधे थांबवू नका. नेत्रतज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर मिळून वेग ठरवतील. बहुतेकांना आधी डोळ्याचे उपचार आणि नंतर कमी डोसपासून सुरुवात एवढेच लागते.
- इंजेक्शन चालू असेल आणि पडदा पाहिलाच नसेल, तर या आठवड्यात वेळ घ्या. विशेषतः तीन महिन्यांत एचबीए१सी दोन टक्के किंवा अधिक उतरले असेल तर थांबू नका.
- रक्तदाबाची गोळी रोज घ्या. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने तपासा.
- ही इंजेक्शने ओळखीतून, व्यायामशाळेतून किंवा मोबाइलवरून मागवू नका. ज्याने तुमचा पडदा, मूत्रपिंड आणि चालू औषधे विचारली नाहीत, त्याच्याकडून ती घेऊ नयेत.
- नजर अचानक कमी झाली, काळी जाळी किंवा पडदा ओढल्यासारखे दिसले, चमक दिसू लागली, तर सोमवारची वाट पाहू नका.

आमच्या टेम्पोवाल्यांना मी त्या दिवशी इंजेक्शनाची नव्हे, पडद्याच्या तपासणीची चिठ्ठी दिली. या वेळी नेत्रतज्ज्ञांना स्वतः फोन करून वेळ घेतली. दोन्ही डोळ्यांत बराच बिघाड निघाला आणि उजव्या डोळ्याच्या मध्यभागी सूज. त्यांना स्वतःला काहीच जाणवत नव्हते. डोळ्यातील इंजेक्शने सुरू झाली, रक्तदाबाची गोळी नियमित झाली, साखर हळूहळू खाली आणायचे ठरले. आठवड्याच्या इंजेक्शनाचा निर्णय फिजिशियनांनी सूज उतरेपर्यंत पुढे ढकलला आहे.

परवा ते पुन्हा आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नऊ वर्षांत हे आधी का नाही पाहिलं आपण?" माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता पडद्याच्या पुढच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिली आहे. बाकीच्या फाईली मी एकेक करून काढतो आहे.